हातांवरची बंदी

माझ्या बहिणीचं तोंड तुम्ही नऊ दिवस दाबून धरलंत. तिनं गुन्हा केला नव्हता, तिच्याविरुद्ध तक्रार नव्हती, ती कोण हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नव्हतं. एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही चार ओळींचा कागद काढलात आणि अख्ख्या शहराचं इंटरनेट बंद करून टाकलंत. वर पुन्हा साळसूदपणे सांगितलंत, ‘फोन चालू आहेत, नागरिकांनी फोनवर बोलावं.’

माझी ताई फोनवर बोलत नाही. ती बहिरी आहे. चार वर्षांची असताना तापात दोन्ही कान गेले. तुमच्या अर्जांत तिच्यासाठी ‘मूकबधिर’ असा शब्द छापलेला असतो. त्यातला बधिर खरा. मूक? अहो, माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त बोलणी या बाईची खाल्ली आहेत! ती हातांनी बोलते, भुवयांनी टोमणे मारते आणि खांद्यांनी अपमान करते. तिचं बोलणं पोचायला समोर डोळे लागतात, एवढंच. नवरा दूर असला की मग फोनचा पडदा लागतो. तो पडदा तुम्ही विझवलात.

ताई शिलाईच्या कारखान्यात कॉलर लावते. बावन्न मशिनी एकदम चालतात तिथं, माणूस कानात बोळे घालून बसतो. एखादी मशीन कुरकुरायला लागली की मेकॅनिक आधी ताईला बोलावतो. ती मशिनीच्या फळीवर तळवा ठेवते, डोळे मिटते आणि बोटानं दाखवते, पट्टा सैल आहे किंवा खालचं दात्याचं चाक झिजलंय. मेकॅनिक मला एकदा म्हणाला, “किल्लीवाले, तुमच्या बहिणीला ऐकू येत नाही असं कोण म्हणतं? आम्हालाच येत नाही.” माझं किल्ल्या बनवायचं दुकान आहे, म्हणून मी किल्लीवाला. ताई मला हाक मारते तीही तशीच, हवेत दोन बोटं फिरवून, कुलूप उघडल्यासारखी.

तिचा नवरा, म्हणजे माझे दाजी, तेही बहिरे. सुतारकाम करतात. या दोघांच्या घरात एक रीत आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोघांपैकी कुणीही कुठल्याही कागदावर सही करायची नाही, जोवर दुसऱ्यानं तो कागद पाहून हातांनी ‘हो’ म्हटलेलं नाही. वीजजोडणीचा अर्ज असो नाहीतर शाळेचा दाखला. लोक हसतात. हसू द्या. बारा वर्षांपूर्वी दाजी एका फर्निचरच्या कारखान्यात होते. मालकानं एक कागद पुढं केला आणि चिठ्ठीवर लिहून दाखवलं, ‘तुझ्या बायकोला विचारलंय, तिनं हो म्हटलंय.’ दाजींनी सही केली. तो राजीनामा होता. दुसऱ्या दिवशी फाटकावर अडवलं तेव्हा कळलं. तेव्हापासून दाजींचा चिठ्ठीवर विश्वास नाही, निरोपावर नाही, माझ्यावरसुद्धा नाही. विश्वास फक्त ताईच्या हातांवर.

आता तुमच्या बंदीकडे येतो.

दाजींना साखरेचा आजार. उजव्या पायाच्या बोटाला जखम झाली, चिघळली. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले म्हणून त्यांना सहा तासांवरच्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. ताई पंधरा दिवस तिथं उशाशी बसून होती. मग दाजींचे जुने रिपोर्ट न्यायला आणि रजा वाढवून घ्यायला दोन दिवसांसाठी परत आली. तेवढ्यात तो व्हिडिओ आला.

तुम्हाला तो पाठ असेल. तुमच्या आदेशात त्याचंच कारण दिलंय. एक माणूस, छत्र्या दुरुस्त करणारा, रस्त्याच्या कडेला वाकून एका लहान मुलीपाशी काहीतरी करतोय आणि मागून एक बाई किंचाळतेय, ‘पोरं पळवणारा! धरा!’ दुपारपर्यंत तो घराघरांत पोचला. संध्याकाळी जमावानं त्या माणसाचा हात मोडला. ही खोटी गोष्ट नाही, आणि मी ती झाकून ठेवणार नाही. खोटं पसरलं, इंटरनेटवरून पसरलं आणि एका गरिबाचा हात गेला. तुम्हाला काहीतरी करावंसं वाटलं, यात चूक नाही. काय केलंत, तिथं घोडं पेंड खातं.

कारण तुमचा कागद निघायच्या आतच माझ्या बहिणीनं ते खोटं खोडून काढलं होतं.

रजेच्या अर्जासाठी ती त्या दुपारी कारखान्यात गेली होती. जेवणाच्या सुट्टीत बायका एका फोनभोवती गोळा होऊन हाय हाय करत होत्या. ताईनं फोन घेतला. तिला किंकाळी ऐकूच आली नाही. तिला फक्त चित्र दिसलं. तिनं ते तीनदा पाहिलं आणि फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘हा तिचा बाप आहे.’

“तुला गं काय माहीत?” काजं करणारी म्हणाली.

ताईनं तिला पुढ्यात बसवलं, स्वतः वाकून तिच्या चपलेला हात लावला आणि तिचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. मग पडद्यावर बोट ठेवलं. तो माणूस मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता आणि ती मुलगी त्याच्या डोक्यावर हात टेकून, सगळा भार टाकून, दुसरीकडेच बघत होती. परक्या माणसाच्या डोक्यावर मूल असा भार टाकत नाही. आवाज बंद करून पाहिलं की कुणालाही दिसेल. आवाजासकट कुणालाच दिसलं नव्हतं.

संध्याकाळी ताईनं माझ्या दुकानात उभं राहून हातांनी तेच सांगितलं, मी ते मोठ्यानं बोललो आणि आमचा व्हिडिओ सोडून दिला. ‘आवाज बंद करा आणि पुन्हा बघा.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो आमच्या आसपासच्या चार गल्ल्यांत फिरला. ज्यांनी हात उगारला होता ते दाराआड जाऊन बसले. एक तर आला आणि म्हणाला, “चुकलंच आमचं.”

आणि दहा वाजता तुम्ही इंटरनेट बंद केलंत. खोट्याचं काम आदल्या दिवशीच आटोपलं होतं. तुम्ही अडवलंत ते खऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आणखी काय वेगळी असते?

बंदीच्या दुसऱ्या दिवशी मला रुग्णालयातून फोन आला. डॉक्टर बाई होत्या, आवाजात घाई.

“तुम्ही पेशंटचे मेहुणे ना? दोन बोटं काढावी लागतील. विष वर चढतंय. ते सही करत नाहीयेत. त्यांना समजावा.”

“कसं समजावू? त्यांना ऐकू येत नाही.”

“मग लिहून दाखवते, तुम्ही सांगितलंय म्हणून.”

“चिठ्ठी दाखवू नका, बाई,” मी ओरडलोच. “चिठ्ठी पाहिली तर ते मरतील पण सही करणार नाहीत.”

त्यांनी तरी दाखवली. दाजींनी ती फाडून चार तुकडे हातात दिले आणि बोटातली अंगठी दाखवली. म्हणजे बायको. डॉक्टर म्हणाल्या, “मग बायकोला पाठवा ना! उशीर केलात तर बोटांवर भागणार नाही.”

आम्ही निघालो. जमाव जमू नये म्हणून काढलेल्या तुमच्याच दुसऱ्या आदेशानं बस बंद होत्या, म्हणून ओळखीच्या टेम्पोतून. शहराच्या हद्दीवर नाका होता. शिपाई म्हणाला, “परवाना?” मी म्हटलं, कुठं मिळतो? त्यानं भिंतीवरचा कागद दाखवला. त्यावर लिहिलं होतं, बाहेर जाण्याचा परवाना हवा असल्यास संकेतस्थळावर अर्ज करावा.

“अहो, इंटरनेट बंद आहे ना?”

“हो.”

“मग अर्ज कसा करायचा?”

“ते वरच्यांना विचारा,” तो म्हणाला. बिचारा खरंच ओशाळला होता. ताईनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या कागदाकडे आणि मला हातांनी म्हणाली, “हा कागद लिहिणाऱ्याला एकदा बघायचंय मला.”

तिसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या कचेरीत गेलो. चौथ्या दिवशीही गेलो. लांब दालन, मध्ये काच, काचेपलीकडे चार संगणक, त्यांच्यापुढं बसलेली माणसं आणि एक साहेब. रांग दारापासून जिन्यापर्यंत. साहेब दर दोन मिनिटांनी चष्मा काढून रुमालानं पुसत. ताईनं तिथल्या तिथं त्यांचं नाव ठेवलं, चष्मेपुशे. दोन्ही दिवस त्यांनी एकच उत्तर दिलं, “परवाना संकेतस्थळावरूनच. आणि आमच्याकडेही इंटरनेट बंद आहे, सगळ्यांना सारखा नियम.” लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना सारखं म्हटलं की माणसाचा निम्मा राग उतरतो. मीसुद्धा डोलावली.

पाचव्या दिवशी रांगेत ताईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

“खोटं बोलतोय,” तिनं हातांनी सांगितलं. “त्या कोपऱ्यातल्या पडद्याकडे बघ. चष्मेपुशे त्याच्याशी बोलतोय. बोलतो, थांबतो, मान हलवतो, पुन्हा बोलतो. माणूस भिंतीकडे बघून मान हलवत नाही. पलीकडून कुणीतरी त्याच्याशी बोलतंय.”

पडद्याची पाठ आमच्याकडे होती. शंभर माणसं दोन दिवस त्या काचेतून बघत होती आणि एकालाही दिसलं नव्हतं.

आमचा नंबर आला तेव्हा ताईनं कागदावर लिहून पुढं सरकवलं, ‘त्या पडद्यावरून नवऱ्याशी दहा मिनिटं बोलू द्या. त्याला सही करायची आहे.’

साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला. “ती सरकारी लाईन आहे. खाजगी वापर करता येत नाही.”

“काल तर लाईनच नव्हती,” मी म्हणालो.

“आवाज चढवू नका.”

“साहेब, माणसाचा पाय जाईल.”

“त्या छत्रीवाल्याचा हात गेला, तो इंटरनेटमुळेच ना? उद्या दुसऱ्या कुणाचा जीव गेला तर जबाबदार कोण? तुम्ही?”

मी ताईला हे सांगितलं. सांगताना मला वाटलं, प्रश्न वजनदार आहे. ती हातांनी म्हणाली, “हात मोडणारे तुला माहीत आहेत. त्यांना बोलाव. जो व्हिडिओ खोटा त्याच्यावर खोटा असं लिही, सगळ्यांना दिसेल असं. तेवढा अधिकार तुझ्याकडे असू दे, मला चालेल. पण माझ्या हातांनी कुणाचा हात मोडला नाही, ते कशाला बांधतोस?”

मी ते जसंच्या तसं बोललो. साहेब म्हणाले, “उद्या या.”

त्या संध्याकाळी डॉक्टर बाईंचा फोन आला. बोटांची गोष्ट आता संपली होती. पायाचा पुढचा अर्धा भाग. आणखी दोन दिवस गेले तर घोटा. त्याच्या पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताईला मात्र सगळं सांगावं लागलं. तिनं रडगाणं गायलं नाही. मशिनीच्या फळीवर ठेवते तसा तळवा तिनं टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले.

सहाव्या दिवशी ती रांगेत थांबलीच नाही. सरळ काचेपाशी गेली आणि उभी राहिली. हटेना. शिपायानं खांदा धरला, तिनं तो हात शांतपणे काढून ठेवला, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा. मग तिनं काचेवर बोटानं, हवेत, एक पाय काढला. त्याच्यावर आडवी रेघ बोटांपाशी, ती खोडली. दुसरी रेघ मधोमध, तिच्यावर बोट ठेवलं. तिसरी घोट्यावर आणि भुवया उंच केल्या. काचेपलीकडे कोपऱ्यातल्या पडद्यासमोर एक ऑपरेटर बाई बसायच्या, पन्नाशीच्या, खांद्यावर शाल. त्या बघत होत्या. त्या उठल्या, बाजूचं दार उघडलं आणि आपली खुर्ची मागं ओढून म्हणाल्या, “ये, बस.”

“बाई, हे नियमात नाही,” साहेब म्हणाले.

“बसली ती, साहेब. आता उठवायचं तर तुम्ही उठवा.”

साहेबांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. “दहा मिनिटं. आणि ही माणसं हातांनी काय बोलतात ते इथं कुणाला कळत नाही, तेव्हा शब्द न् शब्द मोठ्यानं सांगायचा. काही भलतंसलतं निघालं तर बंद.”

म्हणजे नवराबायकोचं बोलणं, शेजघरातलं म्हणावं असं, तुमच्या कचेरीत आठ माणसांपुढं मी ओरडून सांगायचं. मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांग. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. या चष्मेपुशाकडे आहे.”

मी डॉक्टर बाईंना फोन करून दाजींसमोर कॅमेरा धरायला सांगितलं, ऑपरेटर बाईंनी जोडणी केली आणि पडदा उजळला. दाजी दिसले. गालफडं बसली होती. त्यांनी ताईला पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. मग ते हात बोलायला लागले.

“पाच दिवस तुझी बोलणी नाहीत. मला वाटलं, मेलो आणि सुखात पडलो.”

“सुखात पडायला तुला कोण सोडतंय?” ताई म्हणाली. मी बोललो. ऑपरेटर बाईंना हसू आलं.

“तुझ्या मागं तो कोण?”

“चष्मेपुशे. आपल्या बोलण्यावर पहारा ठेवलाय. खोटं बोलतो आणि मग चष्मा पुसतो.”

मी साहेबांकडे पाहिलं आणि म्हणालो, “तिनं सांगितलं, हे इथले अधिकारी.”

ताईनं साहेबांचा चेहरा न्याहाळला, मग माझ्याकडे वळून खाडकन टेबलावर थाप मारली. “तू पाणी घालतोयस! त्याचा चेहरा हलला नाही. मी जे म्हणाले ते ऐकलं असतं तर हलला असता. एक तो माझं तोंड धरणारा आणि दुसरा तू? जे आहे ते सांग!”

माझ्या भावकीतल्या कुणीही मला एवढं लाजवलेलं नाही. मी मान खाली घालून खरं ते सांगितलं, चष्म्यासकट. साहेबांचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. ताई म्हणाली, “हं. आता पोचलं.”

मग तिनं काम सुरू केलं. काम हाच शब्द. आधी डॉक्टर बाईंना खिडकीच्या उजेडात उभं केलं, ओठ दिसावेत म्हणून. पाय दाखवायला सांगितला. पट्टी काढली तेव्हा मी तोंड फिरवलं, तिनं नाही. डॉक्टरांना म्हणाली, कुठून कापणार ते पेनानं पायावर आखून दाखवा, माझ्यादेखत. त्यांनी आखलं. मग सहीचा कागद कॅमेऱ्यापुढं धरायला लावला. मी एकेक ओळ वाचली, हातांनी सांगितली. सातव्या ओळीवर तिनं थांबवलं. लिहिलं होतं, ‘आणि गरजेनुसार अन्य शस्त्रक्रिया.’

“अन्य म्हणजे काय? मोकळी जागा सोडून सही घेतात, ते आम्ही एकदा पाहिलंय. किती ते लिहा.”

डॉक्टर आधी चिडल्या, मग त्यांनी ती ओळ खोडून लिहिलं, ‘घोट्याच्या वर नाही, तशी वेळ आल्यास पुन्हा विचारण्यात येईल.’ म्हणाल्या, “वीस वर्षांत हा कागद असा कुणी वाचला नव्हता.”

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. काचेपलीकडची रांग काचेला चिकटली होती आणि एवढी माणसं असून दालनात फक्त माझा आवाज होता.

दाजी म्हणाले, “तू केली असतीस सही? खरं सांग.”

ताई म्हणाली, “पाय माझा असता तर डॉक्टरशी महिनाभर भांडले असते. तुझा आहे, म्हणून घाई आहे मला.”

हे मी जसंच्या तसं मोठ्यानं सांगितलं. ताईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं उजवा तळवा छातीवर टेकवला आणि पडद्याकडे नेला. त्यांच्या घरातलं हे ‘हो’. दाजींनी पेन मागून घेतलं.

पायाचा अर्धा भाग गेला. घोटा राहिला. ते जगले, आता तीन महिन्यांनी काठी घेऊन चालतात आणि दुसरी काठी स्वतःच घडवताहेत, रुग्णालयातली बेढब आहे म्हणून. डॉक्टर बाईंनी मला नंतर स्पष्ट सांगितलं, बंदीच्या दुसऱ्याच दिवशी सही मिळाली असती तर दोन बोटांवर भागलं असतं. मधल्या चार दिवसांचा हिशेब कुणाकडे मागायचा, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

हे सगळं आम्ही गिळलंही असतं. ताई म्हणाली होती, माणूस हाती लागला, बास झालं. पण गेल्या आठवड्यात बाजारात ऑपरेटर बाई भेटल्या. दीड महिना घरी बसवलंय त्यांना. तुमची नोटीस त्यांच्या पिशवीतच होती, मी वाचली. ‘सरकारी जोडणीवरून बाहेरच्या व्यक्तीस बोलू देण्याची परवानगी आपणास कोणी दिली, याचा लेखी खुलासा करावा.’

मी ती ताईला हातांनी सांगितली. ती ऑपरेटर बाईंच्या घरी गेली, त्यांच्याच टेबलाशी बसली आणि मला म्हणाली, “लिही. पाणी घालू नकोस.” मी लिहिलं ते असं:

परवानगी मी दिली. बोलणं माझं होतं, नवरा माझा होता, तेव्हा परवानगीही माझीच. त्या बाईंनी फक्त खुर्ची दिली. त्यांना उद्या कामावर घ्या. आणि आता माझा प्रश्न. मला न विचारता, कधी न बघता, नऊ दिवस माझं बोलणं बंद करायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? उत्तर फोनवर देऊ नका, मी ऐकणार नाही. चिठ्ठी पाठवू नका, आमच्या घरात चिठ्ठी चालत नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता मी तुमच्या काचेसमोर येते आहे. ज्यानं तो कागद काढला त्यानं बाहेर यावं, उजेडात उभं राहावं आणि मला ओठ दिसतील असं सांगावं. कुणी दिली?